संन्यासी अध्यक्ष

१७ सप्टेंबर उजाडला म्हणजे माजलगावच्या कचेरीपासून नांदेडपर्यंत मराठवाडाभर ध्वजवंदने होतात आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या तसबिरीस हार पडतो. त्या तसबिरीतील भगव्या वस्त्रांमुळे नव्या पिढीचा असा समज होतो की, स्वामीजी हे कोणी धर्मपुरुष असून प्रसंगवशात राजकारणात उतरले. वस्तुस्थिती निराळी आहे. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे १९०३ साली जन्मलेल्या व्यंकटेश खेडगीकरांनी शिक्षण संपताच कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. संन्यास त्यानंतरचा. गिरणी कामगारांत काम केलेला हा संन्यासी होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांचे पुढील चरित्र उलगडत नाही.

हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून ते १९३५ साली मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस आले. त्या वेळी माजलगावसह सारा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी, कचेरीत उर्दू, वरच्या इयत्तांचे शिक्षणही उर्दूतूनच. साधी सभा भरवावयाची तर सरकारी परवानगी हवी. अशा मुलखात योगेश्वरी नूतन विद्यालयासारखी शाळा चालविणे हेच एक राजकारण होते. पुढे लढ्यात उतरलेले कितीतरी कार्यकर्ते या शाळांच्या बाकांवरून उठले आहेत.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी सत्याग्रह करून तुरुंग पत्करला. संस्थेचे नाव बदलण्यास ते राजी झाले नाहीत आणि बंदी १९४६ पर्यंत टिकली. ती उठल्यावर मवाळ गटाशी चुरस होऊन ते अध्यक्ष झाले. १९४७ साली भारतात विलीन होण्याची मागणी त्यांनी उघडपणे पुकारली. देश स्वतंत्र झाला त्या १५ ऑगस्टला ते निजामाच्या अटकेत होते; मध्यंतरीचे थोडे आठवडे वगळता सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबादेत शिरेपर्यंत त्यांची सुटका झाली नाही.

सभांतील भाषणे बहुधा येथेच संपतात. आम्हांस मात्र पुढील भाग अधिक मोलाचा वाटतो. निजामाची सत्ता गेली तरी जहागीरदार आणि कूळ हा प्रश्न शिल्लक होता. जमीन कसणाऱ्याच्या हाती गेल्याशिवाय मुक्ती पुरी होत नाही, ही स्वामीजींच्या गटाची भूमिका होती आणि ती पक्षातील अनेक वजनदार मंडळींना रुचणारी नव्हती. १९४९ साली जहागिरी खालसा झाल्या, १९५० साली कूळकायदा आला; परंतु १९५२ साली मुख्यमंत्रिपद गेले ते मवाळ गटाचे बी. रामकृष्णराव यांच्याकडे. संघर्षाचे नेतृत्व केलेले स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले आणि १९५७ साली औरंगाबादेतून पुन्हा निवडून आले. मंत्रिपद त्यांनी भूषविले नाही. मुत्सद्देगिरीत ते कमी पडले, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

याहून विलक्षण गोष्ट भाषावार प्रांतरचनेची. हैदराबाद राज्य अखंड राहावे असे खुद्द पंडित नेहरूंना आरंभी वाटत होते. स्वामीजींनी मात्र त्याच्या विभाजनाचा आग्रह धरला. ज्या राज्यात त्यांचे सारे राजकीय वजन होते, तेच मोडा, असे ते सांगत होते! मराठी, तेलुगू व कानडी शेतकऱ्यास त्याच्या भाषेत कारभार मिळावा, हा त्यामागील साधा विचार. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन भाग झाले. माजलगाव मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. स्वामीजींना मागे त्यांचे असे राज्य उरले नाही. १९६२ नंतर त्यांनी निवडणूक लढविली नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजसारख्या संस्थांकडे लक्ष दिले.

२२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडच्या विद्यापीठास १९९४ पासून त्यांचे नाव आहे. समाधी मात्र हैदराबादेत, बेगमपेठेत आहे.