विश्लेषण : फाउंटन पेनशेजारी चाकू का ठेवतात? थॉमस जेफरसन यांच्या खिशातली जोडी आणि त्यांच्या वह्यांतली माणसे

इन्स्टाग्रामवर ‘ईडीसी’ म्हणजे ‘एव्हरीडे कॅरी’ असे शोधून पाहा. लाकडी टेबल, वरून काढलेला फोटो, त्यात एक घडीचा चाकू आणि त्याला चिकटून एक फाउंटन पेन. चाकूच्या मुठीचा आणि पेनाच्या टोपणाचा रंग जुळवलेला. एबोनाइटचे पेन असेल तर शेजारी काळ्या मुठीचा चाकू, पितळी पेन असेल तर पितळी मूठ. जगभरातले संग्राहक अशा जोड्या जमवतात, त्यासाठी चांगले पैसे मोजतात आणि खाली कमेंटमध्ये पात्याच्या पोलादावर तासन् तास वादही घालतात.

पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की पेनाचा आणि चाकूचा संबंध काय? संबंध आहे आणि तो जुना आहे. तो समजून घ्यायला अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन (१७४३-१८२६) यांच्या खिशात डोकावणे सर्वात सोपे.

पेनाला चाकू का लागायचा?

आपल्याकडे बोरू होता. बोरू आपोआप लिहीत नाही, तो तासावा लागतो. तिरका काप, मध्ये चीर, मग टोकाला हवी तेवढी रुंदी. लिहून लिहून टोक बसले की पुन्हा चाकू. युरोप-अमेरिकेत बोरूच्या जागी हंसाच्या जातीतल्या पक्ष्याचे, म्हणजे ‘गूस’चे पीस होते. पिसाचा दांडा आतून पोकळ असतो. तो गरम वाळूत धरून कडक करायचा आणि मग बोरूसारखाच तासायचा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना डाव्या पंखाचे पीस बरे पडे, कारण त्याचा बाक डोळ्यांसमोरून बाहेरच्या बाजूला जातो.

हे टोक फार टिकत नसे. सतत लिहिणाऱ्याला ते दिवसातून अनेकदा नीट करावे लागे. त्यासाठी लहान, धारदार, खिशात मावणारे पाते लागायचे. इंग्रजीत आजही छोट्या खिशातल्या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात, ते यामुळेच. कागदावर चुकीचा शब्द पडला की शाई खरवडून काढायलाही तोच चाकू. (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला पेन्सिलीला छिन्नीसारखे टोक काढताना ज्यांनी बोट कापून घेतले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकीच.)

जेफरसन यांच्या खिशात काय असायचे?

जेफरसन यांचे वडील पीटर हे जमीन मोजणारे. व्हर्जिनियाचा १७५१चा प्रसिद्ध नकाशा ज्या दोघांनी केला, त्यातले ते एक. थॉमस १४ वर्षांचे असताना वडील गेले. मोजमापाची सवय मात्र मुलात उतरली. पुढे विल्यम्सबर्गच्या कॉलेजात शिक्षण, मग कायद्याचा अभ्यास, वकिली, व्हर्जिनियाच्या विधिमंडळात प्रवेश. हा भाग कुठल्याही चरित्रात सापडतो, त्यावर इथे थांबायला नको.

खिसा मात्र बघण्यासारखा. त्यांच्या वापरातल्या ज्या वस्तू जपल्या गेल्या, त्यात पोलादी खिशातली कात्री आहे, हस्तिदंती मोजपट्टी आहे, किल्ल्या आहेत आणि लाल मुठीचे, एकात अनेक कामे करणारे छोटे हत्यारही आहे. आजच्या भाषेत मल्टिटूल. यासोबत ते तराजू, कंपास, थर्मामीटर अशी लहान उपकरणे बाळगत. ४ जुलै १७७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच दिवशी, त्यांच्या खर्चाच्या वहीत थर्मामीटरच्या खरेदीची नोंद आहे. त्या दिवशी दुपारी एक वाजता फिलाडेल्फियात ७६ अंश फॅरनहाइट तापमान होते, हेही त्यांच्यामुळेच कळते.

सर्वात भारी वस्तू म्हणजे हस्तिदंताच्या पातळ पट्ट्यांची वही. दिवसभर जे दिसेल ते त्यावर पेन्सिलीने टिपायचे, संध्याकाळी अभ्यासिकेत बसून वेगवेगळ्या वह्यांत शाईने उतरवायचे आणि पट्ट्या पुसून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. फोनमधल्या नोट्स लॅपटॉपवर टाकून डिलीट कराव्यात, तसेच.

जाहीरनामा कशावर लिहिला?

जून १७७६ मध्ये जेफरसन ३३ वर्षांचे होते. फिलाडेल्फियात भाड्याच्या दोन खोल्यांत राहून त्यांनी जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. लिहायला एक छोटी पेटी होती. मांडीवर मावणारी, वर उघडणारी फळी, खाली कागद, लेखण्या आणि दौत ठेवायला खण. रचना त्यांची स्वतःची, तिथल्या बेंजामिन रँडॉल्फ या सुताराकडून करवून घेतलेली. सगळी माणसे समान जन्माला येतात, हा विचार या पेटीवर, पिसाच्या लेखणीने कागदावर उतरला.

त्या खोल्यांत त्यांच्या दिमतीला एक मुलगा होता. रॉबर्ट हेमिंग्ज, वय १४. तो जेफरसन यांच्या पत्नी मार्था यांचा सावत्र भाऊ होता आणि जेफरसन यांचा गुलामही. मसुद्यात जेफरसन यांनी गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजावर ठेवणारा परिच्छेद घातला होता. काँग्रेसने तो काढून टाकला. रॉबर्टला स्वातंत्र्य मिळाले ते १७९४ मध्ये.

दोन पेनांचे यंत्र काय होते?

जेफरसन यांनी आयुष्यात सुमारे १९ हजार पत्रे लिहिली. १७८६ मध्ये पॅरिसमध्ये राजदूत असताना त्यांचे उजवे मनगट दुखावले आणि ते कधीच पूर्ण बरे झाले नाही. काही आठवडे त्यांनी डाव्या हाताने लिहिले. तरी पत्रे थांबली नाहीत.

पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत आपल्याकडे हवी, हा त्यांचा हट्ट. आधी त्यांनी जेम्स वॅट यांचे कॉपिंग प्रेस घेतले. हो, वाफेच्या इंजिनवालेच वॅट. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबायचा, त्यावर शाई उलटी उमटते आणि मागच्या बाजूने ती सुलट वाचायची. चालायचे, पण प्रत पुसट यायची.

१८०४ मध्ये त्यांच्या टेबलावर पॉलिग्राफ आला. जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी शोधलेला, फिलाडेल्फियाच्या चार्ल्स विल्सन पील यांनी बनवलेला. यात दोन लेखण्या दांड्यांच्या जोडणीने बांधलेल्या असतात. एक तुम्ही हातात धरता, दुसरी शेजारच्या कागदावर तंतोतंत तशीच फिरते. तत्त्व नकाशे मोठे-लहान करायच्या पँटोग्राफचे, फक्त इथे प्रमाण एकास एक. सोपे वाटते, पण दोन्ही टोके एकाच वेळी, सारख्याच दाबाने कागदाला टेकली पाहिजेत. एक पीस जरा जास्त तासले गेले, की प्रतीत अक्षरे गायब. म्हणजे चाकूचे काम आता दुप्पट आणि जास्त नेमके. जेफरसन सुधारणा सुचवत राहिले, पील यंत्रे बदलून देत राहिले. आपल्या काळातला हा सर्वात उत्तम शोध, असे जेफरसन यांचे मत होते आणि अखेरपर्यंत त्यांनी तो वापरला.

आलेल्या-गेलेल्या पत्रांची त्यांनी १७८३ पासून ठेवलेली यादीच ६५६ पानांची आहे. म्हातारपणी दोन्ही हात दुखत असताना त्यांनी एका वर्षाची आवक मोजली, तर ती १,२६७ पत्रे निघाली.

आणि फाउंटन पेन? उतारवयात त्यांनी रिचमंडच्या एका घड्याळजीकडचे, आत शाई साठवणारे पेन मागवले होते. त्या काळात अशी पेने होती, भरवशाची नव्हती. पेनातून शाई बाहेर यायची तर तेवढीच हवा आत जावी लागते. ही देवाणघेवाण काबूत नसेल तर पेन एक तर अडते, नाही तर खिशात ओकते. बारीक खाचांमधून शाई आणि हवा दोन्ही सांभाळण्याची विश्वासार्ह युक्ती न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांच्या पेनातून बाजारात रुळली, त्यांचे पेटंट १८८४चे. त्याआधीच बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतली स्वस्त पोलादी निब घरोघर पोहोचली होती. ही निब तासावी लागत नाही, त्यामुळे पेननाइफचे मूळ काम तिथेच संपले. नाव आणि चाकू तेवढे उरले. आजचे संग्राहक जी जोडी लावतात, ती घटस्फोट झालेली जोडी आहे.

त्याच लेखणीने आणखी काय लिहिले?

संध्याकाळी हस्तिदंती पट्ट्यांवरून ज्या वह्या भरल्या जात, त्यात हवामान होते, बागेतल्या भाज्या होत्या, घरखर्च होता. आणि ‘फार्म बुक’ होते. यात गुलामांची नावे, जन्मवर्षे, कुणाला किती कापड, किती घोंगड्या, किती मासे, अशा याद्या आहेत. अक्षर तेच, बारीक आणि सुबक. आयुष्यभरात ६००हून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती.

१७९४ मध्ये मॉन्टिसेलो या आपल्या डोंगरावरच्या घराजवळ त्यांनी खिळ्यांचा कारखाना सुरू केला. कामगार म्हणजे १० ते १६ वर्षांची गुलाम मुले. सकाळी प्रत्येकाला लोखंडी सळी किती दिली आणि संध्याकाळी खिळे किती आले, याचे वजन करून कुणी किती लोखंड वाया घालवले ते जेफरसन काढत. प्रॉडक्शन इंजिनीअरिंगच्या पेपरात हा तक्ता पूर्ण मार्क मिळवेल. तो वाचताना वयाचा रकाना विसरता येत नाही.

या मुलांपैकी एक जोसेफ फॉसेट, पुढे तिथला मुख्य लोहार झाला. त्याची पत्नी एडिथ हिला जेफरसन यांनी वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच स्वयंपाक शिकायला ठेवले होते. १८०६ मध्ये फॉसेट परवानगी न घेता तिला भेटायला निघून गेला. जेफरसन यांनी त्याला शोधायला माणूस पाठवला, वॉशिंग्टनला पत्र लिहिले. तो पकडला गेला आणि परत आणला गेला.

टेबल बुडाले, पेटी गेली

जॉन हेमिंग्ज हे मॉन्टिसेलोचे सुतार, रॉबर्टचे धाकटे भाऊ, तेही गुलाम. त्यांना लिहिता येत होते, जेफरसन यांना त्यांनी कामाबद्दल लिहिलेली पत्रे आजही आहेत. १८२५ मध्ये जेफरसन यांची नात एलन लग्न होऊन बोस्टनला गेली, तेव्हा हेमिंग्ज यांनी तिच्यासाठी लिहिण्याचे एक सुंदर टेबल बनवले. ते जहाजाने पाठवले आणि जहाजासह समुद्रात बुडाले. हेमिंग्ज कोसळून गेले. वय झाले होते, नजर अधू झाली होती, तसे दुसरे टेबल आता त्यांच्या हातून होणार नव्हते.

त्या टेबलाच्या बदली जेफरसन यांनी नातजावई जोसेफ कूलिज यांना आपल्याकडची एक जुनी पेटी पाठवली. ज्यावर जाहीरनामा लिहिला, तीच. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. हेमिंग्ज यांचे टेबल बुडाले नसते, तर ती कुठल्या माळ्यावर गेली असती, कोण जाणे.

शेवटी काय झाले?

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी गेले. जाहीरनाम्याला त्या दिवशी ५० वर्षे पूर्ण होत होती. डोक्यावर एक लाख सात हजार डॉलरहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्रात त्यांनी पाच जणांना स्वातंत्र्य दिले होते : बर्वेल कोलबर्ट, जॉन हेमिंग्ज, जोसेफ फॉसेट, मॅडिसन आणि एस्टन हेमिंग्ज. शेवटचे दोघे सॅली हेमिंग्ज यांचे मुलगे. त्यांचे वडील स्वतः जेफरसन होते, असे १९९८च्या डीएनए चाचणीनंतर बहुतेक इतिहासकार मानतात.

बाकीच्यांचा जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोवर लिलाव झाला. १३० माणसे. लोहार फॉसेट यांना स्वातंत्र्य मिळाले, पण पत्नी एडिथ आणि मुले लिलावात विकली गेली. फॉसेट यांनी पुढची दहा वर्षे घणाच्या कमाईवर आणि नातलगांच्या मदतीने एकेकाला सोडवले. १८३७ मध्ये त्यांनी पत्नी, पाच मुले आणि चार नातवंडांच्या मुक्ततेचे कागद केले. पीटर मात्र राहिला. लिलावात तो ११ वर्षांचा होता आणि त्याचा नवा मालक त्याला विकायला तयार नव्हता.

पीटरला वाचायला जेफरसन यांच्याच एका नातवाने शिकवले होते. नव्या मालकाने पुस्तक दिसले तर फटके मिळतील असे बजावले. पीटर लपून लिहायला शिकला, रात्री पाइनच्या ढलप्यांच्या उजेडात दुसऱ्या गुलामांना शिकवू लागला. मग त्याने मुक्त माणसाचे खोटे परवाने लिहायला घेतले. त्यातला एक बहीण इझाबेलासाठी होता. तो दाखवून ती बोस्टनला पोहोचली.

पीटर स्वतः दोनदा पळाला, दोन्ही वेळा पकडला गेला. १८५० मध्ये त्याला पुन्हा लिलावात उभे केले, तेव्हा नातलग आणि मित्रांनी पैसे जमवून त्याला विकत घेतले आणि मोकळे केले. सिनसिनाटीत आई-वडिलांकडे जाऊन त्याने खानपानाचा व्यवसाय उभा केला, पुढे तो चर्चचा धर्मोपदेशक झाला. १९०० मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात असताना, रेव्हरंड पीटर फॉसेट मॉन्टिसेलो पाहून आले.