टी-३ शोधणाऱ्या रोझालिंड पिट-रिव्हर्स

घरात अम्मीचा किंवा खालाचा थायरॉईडचा रिपोर्ट आला की त्यावर टी-३ आणि टी-४ अशी दोन नावे दिसतात. यातला टी-३ शोधणाऱ्यांपैकी एक होत्या रोझालिंड पिट-रिव्हर्स. त्यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

जन्म १९०७ चा, लंडनचा. बेडफोर्ड कॉलेजात रसायनशास्त्र शिकल्या. १९३१ साली एम.एस्सी. आणि त्याच वर्षी लग्न. पुढच्या वर्षी मुलगा झाला, शिक्षण थांबले. १९३७ मध्ये घटस्फोट. वय तीस, पदरी पाच वर्षांचा मुलगा. अशा वेळी बाईचे शिकायचे दिवस संपले, असे लोक धरूनच चालतात. आपल्याकडे तर चालतातच! बाई मात्र परत प्रयोगशाळेत गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. त्यांचे मार्गदर्शक चार्ल्स हॅरिंग्टन. टी-४ म्हणजे थायरॉक्सिनची रचना याच हॅरिंग्टननी उलगडली होती.

१९४५ साली नाझींची बेल्सेन छावणी मुक्त झाली, तेव्हा तिथल्या उपासमारीने खंगलेल्या माणसांवर उपचार करणाऱ्या पथकातही त्या होत्या.

मग मूळ काम. थायरॉक्सिनमध्ये आयोडीनचे चार अणू असतात. पण त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो, हे कोडे होते. कॅनडाहून आलेल्या जॅक ग्रॉस यांना किरणोत्सारी आयोडीन वापरून केलेल्या प्रयोगांत रक्तात एक अनोळखी पदार्थ दिसला होता. दोघांनी मिळून तो ओळखला. त्यात आयोडीनचे अणू तीनच, आणि असर थायरॉक्सिनपेक्षा जास्त. हाच टी-३. हे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या संशोधकांनाही तो स्वतंत्रपणे सापडला, हेही सांगायला हवे.

आपले शरीर टी-४ मधला एक आयोडीन काढून टी-३ बनवते, हे पुढे पक्के झाले. म्हणून तर बहुतेक रुग्णांना सकाळी थायरॉक्सिनचीच गोळी देऊन भागते.

१९५४ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. १९५९ मध्ये थायरॉईडच्या हार्मोनांवर त्यांचा ग्रंथ आला. सहलेखक होते जमशेद टाटा, आपल्या मुंबईत जन्मलेले. लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत त्या रसायन विभागाच्या प्रमुख होत्या. १९७२ मध्ये निवृत्त झाल्या, १९९० मध्ये वारल्या.