मूठभर धान्याचे छात्रालय

पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी झाला. विलायतेत बॅरिस्टर होऊन ते १९२६ साली परतले. वकिलीत धन मिळविणे त्यांना कठीण नव्हते. परंतु खेड्यांतील होतकरू मुले निवाऱ्यावाचून शिक्षणास मुकतात, हे त्यांना साहवेना. अमरावतीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. घरोघरच्या मूठ मूठ धान्यावर ते चाले. अस्पृश्यतेच्या त्या काळातही तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. १० एप्रिल १९६५ रोजी ते निवर्तले. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोटासही आज त्या संस्थेचे महाविद्यालय उभे आहे. मुलांनो, मूठभर धान्यही वाटून घेतले, तर केवढे पीक येते!