फैजी आणि लीलावतीचा त्रिकोण

आपल्या गोंदियाकडे धानाच्या सगळ्याच बांध्या चौकोनी नसतात. नाला आडवा आला की बांधी तीन कोनांची होते, आणि वाटणीच्या वेळी भाऊ-बहीण नेमके तिथंच अडतात. लांबी-रुंदी धड नाही, मग जागा मोजायची कशी? याचं उत्तर ज्या संस्कृत ग्रंथात आहे, तो फारसीत आणला शेख अबुल फैज यांनी, म्हणजे आपल्या ओळखीच्या फैजींनी.

जन्म 1547 चा, आग्र्याचा. वडील शेख मुबारक नामवंत आलिम, धाकटा भाऊ अबुल फजल. दरबारातल्या उलेमांशी वडिलांचं पटलं नाही, आणि या घराला काही काळ लपून राहावं लागलं. 1567 मध्ये अकबराचं बोलावणं आलं. पुढे 1588 मध्ये फैजी मलिकुश्शुअरा झाले.

त्याच्या आदल्या वर्षी, 1587 मध्ये, बादशहाच्या हुकमावरून त्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीचा फारसी तर्जुमा पुरा केला. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळ पाटणला आहे. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकला आणि तिच्या लग्नाची वेळ टळली, ही गोष्ट फैजींच्या प्रस्तावनेतूनच सगळीकडे पसरली. खरी किती, अल्लाह जाणे.

आता त्यातला त्रिकोण बघा. पाया 14, बाकीच्या बाजू 13 आणि 15. उंची दिलेली नाही. दोन्ही बाजूंची बेरीज 28, फरक 2, गुणाकार 56. त्याला पायाने भागलं की 4. हे 4 पायातून वजा करून निम्मे केले की 5, मिळवून निम्मे केले की 9. म्हणजे लंब पायाचे 5 आणि 9 असे दोन तुकडे करतो. 13 च्या वर्गातून 5 चा वर्ग गेला, राहिले 144, म्हणून उंची 12. पाया गुणिले उंची, त्याचं निम्मं: 84. बांधीच्या आत दोरी न लावता, नुसत्या तीन काठांवरून हिशोब झाला! बगदादच्या अल-ख्वारिज्मींनीही नवव्या शतकात नेमका हाच 13-14-15 चा त्रिकोण घेतला होता.

1591 मध्ये फैजी वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरला आले. इकडे असतानाच त्यांनी मुल्ला बदायुनींसाठी बादशहाकडे शिफारसपत्र पाठवलं. बदायुनी तेव्हा बादशहाच्या नाराजीत होते. याच बदायुनींनी आपल्या तारीखमध्ये फैजींवर सडकून टीका केली, पण ते पत्रही तिथंच उतरवून ठेवलं. माणूस असाही असतो.

परतल्यावर फैजींनी कुरआनची अशी अरबी तफसीर पुरी केली, जिच्यात नुक्ता असलेलं एकही अक्षर नाही.

ऑक्टोबर 1595 मध्ये लाहोरला त्यांचा इंतकाल झाला. घरातली 4600 पुस्तकं शाही कुतुबखान्यात गेली. तिथं त्यांचे तीन भाग केले गेले. तफसीर, हदीस, फिकह एका भागात. शायरी, तिब्ब दुसऱ्यात. आणि भूमितीची पुस्तकं तसव्वुफच्या शेजारी.