फिल कॅट्झ

फिलिप वॉल्टर कॅट्झ (जन्म : ३ नोव्हेंबर १९६२, मृत्यू : १४ एप्रिल २०००) हे अमेरिकन संगणक-आज्ञावलीकार होते. झिप हे फाइलस्वरूप आणि पीकेझिप ही आज्ञावली यांचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

कॅट्झ यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे झाला. विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठातून त्यांनी संगणकशास्त्राची पदवी घेतली. काही काळ ॲलन-ब्रॅडली कंपनीत नोकरी केल्यानंतर १९८६ मध्ये त्यांनी पीकेवेअर ही कंपनी स्थापन केली.

आर्कसंबंधी दावा

त्या काळी फ्लॉपी डिस्कची क्षमता अल्प होती आणि मोडेमवरून फाइल पाठविण्यास बराच वेळ लागत असे. त्यामुळे फायली आकाराने लहान करून एकत्र बांधणाऱ्या आज्ञावलींना मोठी मागणी होती. सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या कंपनीची आर्क ही आज्ञावली विशेष प्रचलित होती. कॅट्झ यांची पीकेआर्क ही आज्ञावली त्याच स्वरूपाच्या फायली अधिक वेगाने हाताळत असे. १९८८ मध्ये आर्कच्या निर्मात्यांनी स्वामित्वहक्क आणि व्यापारचिन्ह यांच्या उल्लंघनाचा दावा दाखल केला. त्याच वर्षी तडजोड होऊन कॅट्झ यांना रक्कम भरावी लागली.

झिप स्वरूप

१९८९ मध्ये कॅट्झ यांनी झिप हे नवे स्वरूप आणले आणि त्याचा तांत्रिक तपशील सर्वांसाठी खुला केला. त्यामुळे इतरांनाही झिपशी सुसंगत आज्ञावली लिहिता आल्या. १९९३ मधील पीकेझिपच्या दुसऱ्या आवृत्तीत डिफ्लेट ही पद्धत वापरली होती. पुन्हा आलेल्या मजकुराऐवजी आधीच्या जागेचा निर्देश करणे आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना लहान संकेत देणे, या दोन तंत्रांचा मेळ तीत आहे. जीझिप आणि पीएनजी यांतही हीच पद्धत आढळते.

तारखेनुसार निवड

झिपमध्ये प्रत्येक फाइलसोबत तिच्यातील शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ नोंदवलेली असते. डॉस प्रणालीच्या पद्धतीनुसार ही नोंद दोन सेकंदांच्या टप्प्याने होते आणि वर्षे १९८० पासून मोजली जातात. या नोंदीची डिस्कवरील फाइलच्या तारखेशी तुलना करून पीकेझिप संग्रहातील केवळ जुन्या झालेल्या प्रती बदलू शकत असे. ठरावीक तारखेनंतर बदललेल्या फायलीच निवडण्याची सोयही तीत होती. अशी आज्ञा बॅच फाइलमध्ये लिहून ठेवल्यास दर वेळी संपूर्ण डिस्कची प्रत न काढता नव्या कामाचीच राखीव प्रत घेता येई.

मृत्यू आणि वारसा

कॅट्झ यांना दीर्घकाळ मद्यपानाचे व्यसन होते. त्यातून उद्भवलेल्या आजाराने वयाच्या ३७ व्या वर्षी मिलवॉकीतील एका हॉटेलात त्यांचे निधन झाले. जावाच्या जार, अँड्रॉइडच्या एपीके आणि ईपब या फायली आजही झिप स्वरूपावर आधारलेल्या आहेत. सर्वसाधारण झिप फाइलच्या आरंभी येणारी ‘पी’ आणि ‘के’ ही रोमन अक्षरे कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे होत.