सही मात्र ग्रीकच राहिली

स्पेनमध्ये सदतीस वर्षे राहूनही ज्याला तिथले लोक शेवटपर्यंत ‘ग्रीक’ म्हणूनच ओळखत राहिले, त्या चित्रकाराचे खरे नाव डोमेनिकोस थिओटोकोपुलोस. उच्चारायला अवघड अशा या नावाऐवजी जगाने ‘एल ग्रेको’ हे टोपणनाव स्वीकारले. त्याने स्वतः मात्र ते कधी चित्रावर घातले नाही. सही पूर्ण नावाची आणि ग्रीक लिपीतच असे. कधीकधी तर त्यापुढे आपण क्रीटचे असल्याचीही नोंद तो करी.

त्याचा जन्म १५४१ सालचा, क्रीट बेटावरील कँडिया म्हणजे आजच्या हेराक्लिओन शहरातला. बेटावर तेव्हा व्हेनिसची सत्ता होती. वडील व्यापारी आणि करवसुली करणारे. मुलगा वळला तो ‘आयकॉन’ या धार्मिक प्रतिमाचित्रांकडे. लाकडी फळीवर सोन्याचा वर्ख चढवायचा, अंड्याच्या बलकात खललेल्या रंगांनी संतांच्या आकृती रेखायच्या आणि पूर्वसूरींनी घालून दिलेला साचा मोडायचा नाही, अशी ही शिस्त. १५६३ च्या एका कागदपत्रात, म्हणजे बाविसाव्या वर्षीच, त्याचा उल्लेख उस्ताद चित्रकार असा आढळतो. १५६६ च्या डिसेंबरात सोनेरी पार्श्वभूमीचे एक चित्र सोडतीने विकण्याची परवानगी त्याने मागितली, तेव्हा त्याची किंमत ७० डुकाट ठरली.

गावात मान होता, पैसाही मिळत होता. तरीही पुढच्याच वर्षाच्या सुमारास तो व्हेनिसला गेला. तिथे टिशियन आणि टिंटोरेटो यांच्या कामातून तैलरंग, यथादर्शन आणि मानवी देहाची हालचाल हे सारे त्याला नव्याने शिकावे लागले. उस्तादाने पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नसते. या काळातील त्याच्या काही चित्रांत हा अवघडलेपणा स्पष्ट दिसतो. १५७० मध्ये तो रोमला पोहोचला. लघुचित्रकार जुलिओ क्लोव्हिओ याने कार्डिनल फार्नेसेला पत्र लिहून या तरुणाची शिफारस केली, त्यात तो टिशियनचा शिष्य असल्याचे म्हटले होते. त्यामुळे त्याला फार्नेसे वाड्यात आसरा मिळाला. मात्र स्वभाव फटकळ. मायकेलअँजेलोचे ‘अंतिम न्याय’ पाडून टाकले तर त्या जागी तितकेच चांगले आणि अधिक सभ्य चित्र आपण काढू, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, रोममध्ये त्याचा जम बसला नाही एवढे खरे.

१५७७ मध्ये तो टोलेडोत आला. कॅथेड्रलसाठी काढलेल्या ख्रिस्ताच्या वस्त्रहरणाच्या चित्रावरून लगेच वाद पेटला. गर्दीतील डोकी ख्रिस्ताच्या मस्तकाहून उंच का, असा धर्माधिकाऱ्यांचा आक्षेप होता. त्याच्या बाजूच्या मूल्यमापकांनी ९०० डुकाट सांगितले, कॅथेड्रलच्या बाजूने २२७. अखेर हाती ३५० आले. ती डोकी मात्र आजही होती तिथेच आहेत! दुसरा फिलिप राजा याने सेंट मॉरिसच्या हौतात्म्याचे चित्र काढून घेतले, पैसे दिले. पण ते ठरलेल्या वेदीवर लावलेच नाही. दरबारी चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

राजाश्रय हुकल्याने तो टोलेडोचाच झाला. १५८६ ते १५८८ मध्ये सांतो तोमे चर्चसाठी त्याने ‘काउंट ऑर्गाझची अंत्येष्टी’ हे साडेचार मीटरहून उंच चित्र रंगवले. खाली शहरातील प्रतिष्ठितांचे हुबेहूब चेहरे, वर लांबट, ज्योतीसारख्या आकृतींचा स्वर्ग. समोरचा लहानगा म्हणजे त्याचा मुलगा होर्हे मान्युएल. त्याच्या खिशातील रुमालावर १५७८ हे मुलाचे जन्मसाल आणि बापाची ग्रीक सही आहे.

७ एप्रिल १६१४ रोजी तो गेला, तेव्हा मागे पैसा फारसा नव्हता. सुमारे १३० पुस्तके मात्र होती. व्हासारीच्या चित्रकारचरित्रांच्या समासांत त्याने लेखकाशी कडाडून भांडण मांडले आहे. पुढची जवळजवळ अडीच शतके त्याची गणना विक्षिप्तांतच झाली. त्या लांबट आकृती दृष्टिदोषामुळे आल्या, असेही कुणी सुचवले. १९०२ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले आणि पिकासोच्या पिढीला तो आपला वाटू लागला.

क्रीटमधील शिक्षणाचा ठोस पुरावा मात्र खूप उशिरा हाती आला. सिरोस बेटावरील एका चर्चमध्ये मेरीच्या महानिद्रेचे एक प्रतिमाचित्र वर्षानुवर्षे भाविकांच्या पूजेत होते. १९८३ मध्ये त्यातील मेणबत्तीच्या स्टँडच्या पायथ्याशी बारीक ग्रीक अक्षरांतली सही वाचली गेली. ती डोमेनिकोस थिओटोकोपुलोसचीच होती.