फिश टँक पहिल्यांदा कोणी बनवला? झान विल्प्रू-पॉवरची गोष्ट

फिश टँक सेटअपचे रील्स तुम्ही रोज बघता. एलईडी लाइट, फिल्टर, खोटी झाडं, सगळं दाखवतात. पण ही काचेची पेटी मुळात कोणाच्या डोक्यातून आली, ते कोणी सांगत नाही. मला ती गोष्ट कुठल्याही फोन लाँचपेक्षा भारी वाटते, म्हणून आज तीच सांगतो.

झान विल्प्रूचा जन्म १७९४ चा, फ्रान्समधल्या जुइयाक या छोट्या गावातला. वडील बूट शिवायचे. अठरा वर्षांची झाली तशी ती कामाच्या शोधात पॅरिसला निघाली, तेही पायी. अंतर ४०० किलोमीटरहून जास्त! तिथे ती शिवणकामाला लागली, आणि १८१६ मध्ये एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिच्या हातून तयार झाला. त्यातून नाव झालं. पुढे जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी लग्न करून १८१८ मध्ये ती सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहायला आली. विज्ञानाचं शिक्षण शून्य. बेटावर फिरायचं, किडे, शिंपले, जीवाश्म गोळा करायचे आणि स्वतःच वाचून शिकायचं, असं तिचं चाललं होतं.

तेव्हा एका प्रश्नावर मोठमोठे विद्वान भांडत होते. अर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा एक भाऊबंद आहे. त्याच्या मादीभोवती कागदासारखा पातळ, पांढरा शंख असतो. हा शंख ती स्वतः बनवते, की हर्मिट खेकड्यासारखा दुसऱ्याचा ढापते? मेलेला नमुना बाटलीत ठेवून कितीही बघा, उत्तर मिळणार नाही. जिवंत प्राणी बघायचा तर तो समुद्रात, खाली.

झानने काय केलं? समुद्रच घरी आणला. १८३२ च्या सुमारास तिने काचेची टाकी बनवली आणि समुद्राचं पाणी भरून त्यात हे प्राणी ठेवले. मग दुसरा प्रकार केला: काचेची टाकी, पण पिंजऱ्यात बसवलेली, म्हणजे पाण्यात सोडता येईल अशी. तिसरा प्रकार म्हणजे मोठ्या प्राण्यांसाठी थेट समुद्रात नांगरून ठेवायचा पिंजरा. आजच्या भाषेत बोलायचं तर एकाच प्रॉडक्टची तीन व्हर्जन!

मग तिने अर्गोनॉटच्या शंखाचा तुकडा मुद्दाम मोडला आणि बघत बसली. मादीने तो स्वतः भरून काढला. अंड्यातून निघालेली पिल्लं तर बिनशंखाची होती. शंख नंतर तयार होत गेला. म्हणजे चोरीचा आरोप खोटा. मादीचे दोन हात पुढे पडद्यासारखे पसरट असतात, तेच शंख घडवतात. त्या पडद्यांना लोक होडीचं शीड समजत होते, बोला!

इथे थोडं टेक्निकल. समुद्रात ठेवलेल्या पिंजऱ्याला आत-बाहेर सारखंच पाणी, त्यामुळे दाब दोन्हीकडून सारखा. घरातल्या टाकीचं तसं नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तुमची दोन फुटी टाकी, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, काठोकाठ भरली तर नुसतं पाणीच ५४ किलो होतं. वर काच, वाळू, दगड वेगळे. पुस्तकांच्या हलक्या शेल्फवर हे ठेवू नका. मजबूत, न डुलणारा स्टँडच हवा आणि टाकीचा तळ त्यावर पूर्ण टेकायला हवा. टाकी रिकामी असतानाच फोनमधल्या लेव्हल ॲपने चारही बाजू तपासा. एक कोपरा खाली असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली सारा, काचेखाली कधीच नाही. नाहीतर काचेला पीळ बसतो आणि जोड सुटतो. तळ सपाट काचेचा असेल तर खाली पातळ फोमची शीट घाला. टाकीला खालून प्लॅस्टिकची फ्रेम असेल तर सहसा फोम लागत नाही. पाणी थोडं भरलं की लेव्हल परत बघा. आणि हो, पंपाची वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खाली ठिबकेल, बोर्डात जाणार नाही. भरलेली टाकी सरकवायची तर विषयच नाही, आधी रिकामी करा.

झानच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते १८३८ च्या जहाजाचं. तिचे नमुने, चित्रं, कागदपत्रं घेऊन लंडनकडे निघालेलं जहाज बुडालं. बॅकअप नाही, क्लाउड नाही. इतक्या वर्षांच्या कामातला बराच भाग एका दिवसात समुद्रात. त्यानंतर तिचं संशोधन जवळजवळ थांबलंच. सिसिलीतल्या कातानियाच्या अकादमीने तिला सदस्य करून घेतलं होतं, तिथली ती पहिली बाई. पण ॲक्वेरियमचं वेड १८५० नंतर लंडनमधून पसरलं, १८५३ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी फिश हाउस उघडलं, आणि लोकांच्या तोंडी नावं राहिली ती इतरांची.

१८४३ मध्ये तिने सिसिली सोडलं. पुढची वर्षं पॅरिस आणि लंडनमध्ये गेली. १८७० मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा ती जुइयाकला परतली, आणि १८७१ च्या जानेवारीत तिथेच वारली. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव दिलं गेलं.